फुलं भरपूर, कर्टुलं एकही नाही

पत्र थोडक्यात असं: अकोले तालुक्यातल्या डोंगराकडेच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. घरची चार एकर जमीन, त्यातली निम्मी वरकस, म्हणजे हलकी, ढाळाची. धाकट्या मुलाने नोकरी सोडून शेती बघायला घेतली आहे आणि त्याला त्या वरकस जमिनीत एकरभर कर्टुली लावायची आहेत. गेल्या श्रावणात मागच्या डोंगरावर ज्या वेलींना सगळ्यांत जास्त फुलं होती त्यांच्या बुडाशी त्याने चिंध्या बांधल्या, मे महिन्यात तिथून आठ कंद खणून आणले आणि कुंपणाला लावले. सहा उगवले. पाच वेलींना पिवळ्या फुलांचा नुसता बहर आला, पण फुलं देठासकट गळाली. सहावीला फुलामागे बारीक काटेरी गाठ यायची, तीही चार दिवसांत पिवळी पडून गळायची. फळमाशी असेल म्हणून मुलगा रोज संध्याकाळी औषध मारत होता. आता एका एजंटाने तीस रुपयाला एक याप्रमाणे एकरी हजार कंद ‘गॅरंटीने’ द्यायची तयारी दाखवली आहे. त्याआधी मुलाने ठाकरवाडीतल्या मावशींना, ज्या या घरी कितीतरी वर्षं कर्टुली आणून देत, पाचशे कंद खणून द्यायला सांगितलं होतं. दहा रुपये कंदाचे देतो म्हणाला. त्या म्हणाल्या, ‘कंद काढल्यावर पुढच्या साली काय तोडू?’ आणि तेव्हापासून त्या घरी आल्याच नाहीत. यजमान म्हणतात, रानातलं रानातच पिकतं, शेतात आणलं की रुसतं. ताई विचारतात: वेलींना रोग आहे का, एजंटाचे कंद घ्यावेत का, मावशींची समजूत कशी काढावी. शिवाय यजमानांना मधुमेह आहे, शेजारी म्हणतात कर्टुलीच्या रसाने गोळ्या सुटतात, हे खरं का. आणि जून झालेली कर्टुली खाता येतात का, हा शेवटचा प्रश्न.

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: ‘त्याने सगळ्यांत जास्त फुलांच्या वेली निवडल्या होत्या, तरी असं झालं.’ ‘तरी’ नव्हे ताई, म्हणूनच झालं.

कर्टुलीत नरवेल वेगळी आणि मादीवेल वेगळी. काकडी, दोडका, भोपळा यांच्या एकाच वेलीवर दोन्ही फुलं येतात, आपल्या डोळ्यांना त्याची सवय असते, त्यामुळे हे सहज लक्षात येत नाही. कर्टुलीची नरवेल जन्मभर नरच राहते. तिच्यावर फळ धरत नाही, धरणारही नाही, कितीही शेणखत घाला. आणि नरवेल फुलते मात्र सढळ हाताने, मादीवेलीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणजे तुमच्या मुलाने मोठ्या काळजीने, चिंधी बांधून, डोंगरावरच्या नरवेली तेवढ्या निवडून आणल्या. पाच नर आणि चुकून एक मादी. जुने वैद्य या नरवेलीलाच वांझ कर्टोली म्हणत आले आहेत. ठपका कुणावर ठेवायचा याची आपली रीत वेलींच्या बाबतीतही बदललेली नाही, एवढंच म्हणते आणि पुढे जाते.

ओळख पटवणं अवघड नाही. फुल उमलायची वाटही बघावी लागत नाही, कळी पुरते. नरकळीच्या बुडाशी एक हिरवं, वाटीसारखं खोलगट पान चिकटलेलं असतं, कळी त्यात अर्धी बुडालेली दिसते, आणि देठ लांब, बारीक. मादीकळीला ती वाटी नसते. कळीच्या मागे, देठाच्या टोकाला, हरभऱ्याहून लहान, मऊ काट्यांनी भरलेलं अख्खं कर्टुलं आधीच तयार असतं. एकदा दोन कळ्या तळहातावर शेजारी ठेवून बघितल्या की पुन्हा चूक होत नाही. मुलाला सांगायच्या आधी तुम्हीच बघा. या कामात तुमची नजर त्याच्याहून बरी निघेल असं पत्रावरून वाटतं, कारण ‘फुलामागे बारीक काटेरी गाठ’ हे तुम्हीच टिपलं आहे.

आता ती सहावी वेल. ती मादी आहे, निरोगी आहे, आणि शेजारी पाच नर असूनही तिची फळं गळली. एखादी वेळ फळमाशीची असू शकते, पण सगळीच्या सगळी गाठ धरल्यावर चार दिवसांत पिवळी पडणं म्हणजे बहुतेक परागीकरण झालंच नाही. आपल्या डोंगरातल्या कर्टुलीची फुलं संध्याकाळी उमलतात, दिवेलागणीच्या सुमारास. त्यांना मंद वासही असतो. हे सगळं रात्रीच्या पतंगांसाठी चाललेलं असतं, मधमाश्या तेव्हा घरी गेलेल्या असतात. आणि नेमकं त्याच वेळी तुमचा मुलगा पाठीला पंप लावून कुंपणाशी उभा. ज्याने यायचं त्यालाच आपण रोज हाकलत होतो. भर पावसाच्या झडीत पतंग फिरत नाहीत तेव्हाही फळ कमी धरतं, पण रोजची फवारणी हे मला मोठं कारण दिसतं.

पुढच्या साली फवारणी बंद ठेवा. फळमाशीसाठी क्यू-ल्युअरचे सापळे कृषी सेवा केंद्रात मिळतात, ते टांगा, आणि डंख झालेली, सडलेली फळं वेलीखाली पडू न देता गोळा करून खोल पुरा. त्या फळांतल्या अळ्याच मातीत जाऊन पुढची माशी होतात, त्यामुळे हे काम सापळ्याइतकंच महत्त्वाचं. पानं खाणारे तांबडे भुंगेरे आले तर सकाळी हाताने वेचता येतात, कुंपणापुरत्या वेलींना तेवढं पुरे. आणि संध्याकाळी हाताने परागीकरण करून बघा. नुकतं उमललेलं नरफूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला पिवळा भाग मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. एक नरफूल तीन-चार मादीफुलांना पुरतं. टॉर्च लागेल, आणि पायात बूट. पावसाळ्यात कुंपणाशी अंधारात उभं राहायचं आहे, पायाशी साप असू शकतो.

सापाचा विषय निघालाच आहे तर इथेच सांगते. वांझ कर्टोलीचा कंद सर्पविषावर चालतो असं जुनं वैद्यक सांगतं आणि वाड्यावस्त्यांवर अजून तो उगाळला जातो. साप चावला तर कंद उगाळण्यात एक मिनिटही घालवू नका, प्रतिविष मिळेल अशा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. यजमानांच्या गोळ्यांचंही तेच. कर्टुली ही चांगली, हलकी, मधुमेही माणसाने मजेत खावी अशी भाजी आहे. साखर कमी करण्याबाबत तिच्यावर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर अभ्यास झालेले आहेत, पण त्यावरून माणसाच्या गोळ्या बंद करायच्या नसतात. शेजाऱ्यांना भाजी वाढा, सल्ला घेऊ नका. रसाचं तर नावच नको, कारण रान तुडवताना कर्टुलीच्याच कुळातल्या कडू वेलींची फळंही हाती लागतात आणि अशा कडू रसाने माणसं गंभीर आजारी पडतात. कर्टुलं नातेवाईक कारल्याचं असलं तरी कडू नसतं. जिभेला कडू लागलं तर ते टाकून द्यायचं.

यजमानांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. शेतात कर्टुली पिकते. छत्तीसगड, ओडिशा, बंगालमध्ये शेतकरी ती लावतात, आपल्याकडेही आता लावू लागलेत. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘इंदिरा कंकोडा-१’ नावाची जातच काढली आहे. तेव्हा ‘रुसतं’ हे खरं नाही. पण रानात ही वेल कुठे असते ते आठवा: उताराला, दगडांच्या बेचक्यात, झुडपाच्या आधाराने, जिथे पाणी क्षणभरही थांबत नाही. तिला सपाट, काळ्या, पाणी धरणाऱ्या रानात लावलं की कंद कुजतो. तुमचे आठातले दोन कंद उगवले नाहीत, तिथे माती उकरून बघा, बहुधा मऊ पडलेले सापडतील. तुमची वरकस, मुरमाड, ढाळाची जमीन या कामाला चांगली आहे. यजमानांना सांगा, रान शेतात आणायचं नाही, शेतातला रानासारखा तुकडा तिला द्यायचा.

आता एजंट. इथे हिशोब करू. दोन मीटर बाय दोन मीटरवर लावलं तर एकरात साधारण हजार वेली बसतात, म्हणजे एजंटाचा आकडा बरोबर आहे. शिफारस अशी की आठ-दहा मादीवेलींमागे एक नर. म्हणजे हजारांत शंभरेक नर, बाकी नऊशे मादी. पण कंद डोंगरावरून उन्हाळ्यात खणलेले असतील तर? तेव्हा वेल वाळून गेलेली असते, फूल नाही, कळी नाही, आणि नुसत्या कंदावरून नर-मादी कुणालाही सांगता येत नाही, एजंटालाही नाही. हजारात सरासरी पाचशे नर येतील. तुमचे तीस हजार गेले ते गेलेच. त्याहून मोठा खर्च खड्डे, शेणखत, बांबू-तारेचा मांडव यांचा, तो लाखाच्या आसपास सहज जातो. आणि हे नर आहेत हे कळणार कधी, तर वेली मांडवावर चढून फुलल्यावर. तेव्हा एजंटाचा फोन लागेल का, ते तुम्हीच ठरवा.

एजंट लबाडच असेल असं मी म्हणत नाही. विचारून बघायला काय जातं? कंद कुठल्या शेतातले, ते शेत ऑगस्टमध्ये संध्याकाळी दाखवणार का. नर-मादी वेगळ्या पिशव्यांत, खूण करून देणार का. आधी दहाच देणार का. फोटोत दाखवतो ती मोठ्या लिंबाएवढी, भरदार फळं आपल्या डोंगरी कर्टुलीची आहेत की पूर्वेकडच्या काकरोलची? ती वेगळी जात. बंगाल-आसामकडे तिची मोठी शेती चालते, बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘अर्का भारत’ त्यातलीच. फळ मोठं, वजनाला छान, पण फुलं पहाटे उमलतात, फळ धरायला रोज सकाळी हाताने परागीकरण करत फिरावं लागतं, आणि आपल्या बाजारातलं जुनं गिऱ्हाईक त्याला कर्टुलं म्हणेल का, शंका आहे. काकरोल लावू नका असं नाही, पण काय लावतोय ते माहीत असावं. जो कंद विकणारा स्वतःचं शेत दाखवू शकत नाही, त्याचे कंद कुणाच्या तरी डोंगरावरून आलेले असतात.

आणि इथेच मावशी येतात.

पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘त्यांची समजूत कशी काढू.’ मला वाटतं, समजूत त्यांची काढायची नाही, त्यांनी जे सांगितलं ते आपण समजून घ्यायचं आहे. कर्टुलीची वेल दिवाळीच्या पुढेमागे वाळते, दिसेनाशी होते, पण जमिनीखाली कंद जिवंत असतो आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा फुटतो, वर्षानुवर्षं. मावशी फळ तोडतात, कंदाला हात लावत नाहीत. कुठल्या दगडामागे कुठली वेल, कुठली आधी धरते, कुठलीचं फळ गोल आणि कमी बियांचं, हे त्यांना ठाऊक आहे. कर्टुलं विकणं म्हणजे दूध विकणं, कंद विकणं म्हणजे गाय विकणं. दहा रुपयाला गाय मागितल्यावर बाई घरी कशाला येईल?

तुमच्या मुलाच्या डोक्यात बहुधा असं असणार की डोंगर कुणाचाच नाही, तेव्हा कंदही कुणाचेच नाहीत. पुष्कळ चांगल्या माणसांचा असाच समज असतो. पण तुमच्या तालुक्याचा मोठा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. अभयारण्यातून वा राखीव वनातून कंद खणून नेणं हा गुन्हा आहे. आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करण्याचा, विकण्याचा हक्क पिढ्यानपिढ्या जंगलावर जगणाऱ्यांना दिला आहे. कंदमुळं त्या वनउपजात स्पष्टपणे येतात. म्हणजे मुलगा जे विकत मागत होता त्यावर हक्क असलाच तर मावशींच्या वाडीचा आहे, एजंटाचा तर नाहीच. आठ कंद आणले ते आणले, त्यावरून घरात भांडण काढू नका. पाचशे मागणं मात्र थांबलं पाहिजे. आठ कंदांनी डोंगर रिकामा होत नाही. पण तालुक्यातल्या पन्नास मुलांनी व्हिडिओ बघून प्रत्येकी पाचशे खणले तर काही वर्षांत तुम्हा सगळ्यांनाच कर्टुलं विकत आणावं लागेल, तेही कुणाच्या तरी मांडवावरचं.

मग एकर कसं भरायचं? माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी भरायचंच नाही. एक गुंठा घ्या. त्यात पंचवीस वेली बसतात, त्यातल्या तीन नर. नर तुमच्याकडे पाच आहेतच, म्हणजे ती अडचण आधीच मिटली. (मुलाला हे हसतहसत सांगा, आठवडाभर बिचारा तोंड पाडून बसला असेल.) मादी एक आहे. तिच्यापासून वाढवायचं.

वाढवायच्या तीन वाटा आहेत आणि तिन्ही एकदम चालू ठेवता येतात. पहिली, छाट. जुलै-ऑगस्टमध्ये मादीवेलीचे जून न झालेले, दोन-तीन पेरांचे तुकडे कापायचे, मूळ फुटायची पावडर लावून, खालचं पेर वाळू-मातीच्या पिशवीत गाडून सावलीत ठेवायचे. सगळे जगत नाहीत, पण जे जगतात ते सगळे मादीच, हा फायदा. मात्र त्यांनी पाऊस संपायच्या आत बोटाएवढा तरी कंद धरायला हवा, नाहीतर उन्हाळ्यात मरतात, म्हणून उशीर करू नका. दुसरी वाट, कंद कापून लावणं. दोन-तीन वर्षांचा मोठा कंद उभा कापला आणि प्रत्येक तुकड्याला वरच्या टोकाचा, डोळ्याचा भाग आला तर तुकडे फुटतात. काप राखेत बुडवून सुकवून लावा. डोळा नसलेला तुकडा नुसता कुजतो. तुमची मादी अजून लहान आहे, तिला एवढ्यात कापू नका.

तिसरी वाट बियांची. कर्टुलं वेलीवरच पिकू दिलं की पिवळं-नारिंगी होऊन उलतं, आत लाल गरात काळ्या बिया असतात. त्या धुऊन, सावलीत वाळवून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवायच्या. ताजी बी लवकर उगवत नाही, तिला विश्रांती लागते. टरफल टणक असतं, ते कडेला हलकं फोडून दिवसभर भिजवलं तर बरं. तरीही तीन-चार आठवडे वाट बघावी लागते आणि मागेपुढे उगवण होते. आणि निम्मी रोपं नर निघणार, हे धरूनच चालायचं. म्हणून एका आळ्यात दोन-तीन रोपं लावतात आणि फुलावर आल्यावर जादा नर काढून टाकतात. तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं राखण्यासाठी. त्यामुळे बी जपणं म्हणजे काय ते तुमच्या भागाला सांगायला नको. फक्त वालाच्या बीचा जो भरवसा असतो तो कर्टुलीच्या बीचा नाही, एवढं ध्यानात ठेवा.

लावणी मे अखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. हात-दीड हात लांबी-रुंदीचा, फूटभर खोल खड्डा, चांगलं कुजलेलं शेणखत, कंदाचं फुटायचं टोक वर. सुरुवातीला मांडव नको, बांबूच्या काठ्या आणि सुतळी पुरे, कुंपण तर आहेच. पहिल्या वर्षी फळं थोडी येतील, खरी वेल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बोलते. आणि आत्ता, या पंधरवड्यात, एक काम करा: वेली वाळायच्या आधी प्रत्येक बुडाशी खुंटी ठोका, नरावर एक आणि मादीवर दुसरा रंग लावा. वेल वाळल्यावर तिथे काहीच दिसत नाही आणि मग कुणीतरी मोठ्या उत्साहाने तिथे नांगर किंवा कुदळ घालतं. कंद झोपला की पाणी बंद. रानडुकरं, साळिंदर तो उकरून खातात, म्हणून वर पाच-सहा मोठे दगड रचून ठेवा.

पत्रात एक गोष्ट नाही, तोडणी कोण करणार. कर्टुलं फूल धरल्यापासून दोनेक आठवड्यांत, बी कोवळी असतानाच तोडावं लागतं. एकरभर मांडवावर दर दोन-तीन दिवसांनी तोडणी येते. फळ हिरवं, पान हिरवं, एक नजरेतून निसटलं की पुढच्या फेरीला जून झालेलं असतं. तोडलेला माल दोन-तीन दिवसांत पिवळा पडतो, म्हणजे गाडी लगेच निघायला हवी. मुलगा बाजार बघणार, मग पाटी घेऊन मांडवाखाली वाकून कोण फिरणार? मला उत्तर माहीत आहे असं वाटतं. तुमचे गुडघे काय म्हणतात ते आधी त्यांना विचारा आणि मग मुलाशी आकड्यांत बोला: किती माणसं, किती दिवस, किती मजुरी.

आणि ही तोडणी, ही नजर, ज्यांच्याकडे आहे त्यांना तुम्ही ओळखताच. मावशींकडे जा. मुलाला बरोबर न्या, पण बोला तुम्ही. कंदाचा विषय काढायचा नाही. चुकीचं मागितलं, एवढं त्याने एकदा म्हटलं की पुरे. मग विचारा: पुढच्या श्रावणात आमच्या मालकीच्या बांधांवर, आमच्या वरकसात आपोआप उगवलेल्या वेली दाखवाल का, कुठली चांगल्या फळाची मादी आहे ते सांगाल का. चार एकर डोंगरकडेच्या जमिनीत एकही रानवेल नसेल असं होत नाही, आजवर बघितली नसेल एवढंच. त्या दिवसाची मजुरी द्या, आणि ती गवत कापण्याच्या दराने देऊ नका. तुमच्या मुलाला ज्या माहितीसाठी एजंटाला तीस हजार मोजायचे होते, ती त्यांच्याकडे पक्की आहे. पुढे वेली वाढल्या आणि तोडणीला त्या तयार असल्या तर रोजाने म्हणा, वाट्याने म्हणा, आधी ठरवून घ्या.

मुलाला बोचेल असं एक राहिलं. त्याने एकरभर पिकवून माल त्याच आठवडे बाजारात आणला, तर मावशींच्या चार वाट्यांचा भाव पडणार. त्याने पिकवू नये असं मी म्हणणार नाही, जमीन त्याची, कष्ट त्याचे. पण दोन गोष्टी करता येतात. त्याचा माल मोठ्या शहराच्या बाजारात जावा, तिथे गिऱ्हाईक भरपूर आहे आणि भावही गावापेक्षा जास्त. आणि विहिरीला उन्हाळ्यात पाणी असेल तर कंदाला जानेवारी-फेब्रुवारीत पाणी देऊन उन्हाळी पीकही घेतात. मग त्याची कर्टुली डोंगरावरची यायच्या आधी विकून होतील, ते दोघांच्याही फायद्याचं. जुलै-ऑगस्टचा बाजार, आणि ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमाराला कृषी विभागाचे जे रानभाजी महोत्सव भरतात ते, डोंगरावरून पाटी घेऊन येणाऱ्या बायकांसाठी मोकळे ठेवावेत. मांडवावरचा माल ‘रानातला’ म्हणून तिथे विकू नये. गिऱ्हाईकाला फरक कळो न कळो.

मुलाला एकरभर करायचंच असेल तर गुंठ्याचा हिशोब दोन पावसाळे वहीत लिहू दे. राहुरीच्या कृषी विद्यापीठात नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन नर-मादी खात्रीची रोपं मिळतात का, ते विचारू दे. हेच त्या सगळ्या वाचकांना, ज्यांनी यंदा मला कर्टुली, शतावरी, सफेद मुसळी यांच्या ‘गॅरंटीड’ कंदांबद्दल विचारलं आहे. शतावरी-मुसळीत नर-मादीची भानगड नाही, पण कंद कुठून आला हा प्रश्न तोच आहे, आणि तो विकत घ्यायच्या आधी विचारायचा असतो.

जून कर्टुली खाता येतात. मधून चिरा, कडक बिया काढून टाका, उरलेल्याच्या पातळ काचऱ्या करा. तेल जरा सढळ, मोहरी-हिंग, मिरची, कांदा, झाकण न ठेवता कडा तांबूस होईस्तोवर परता आणि उतरवताना ओलं खोबरं घाला. श्रावण पाळत असाल तर कांद्याऐवजी भिजवलेली चणाडाळ. साल काढायची नाही, काटे शिजून मऊ होतात, नुसतं खसाखसा धुवायचं. पिवळं पडून आतून लाल झालेलं मात्र भाजीत घालू नका, ते बियांना ठेवा. तुमच्या एकट्या मादीवेलीला आधी तेच हवं आहे.